फुल स्क्रीन केल्यावरच व्हिडिओ अडखळतो, लहान चौकटीत मात्र नीट चालतो

अभ्यासिका-सातारा (प्रश्न)

नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही चार-पाच जण मिळून अकरावी-बारावीच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत तेथे यूट्यूबवरील गणिताची आणि भौतिकशास्त्राची व्याख्याने दाखवली जातात. त्यासाठी भेट मिळालेला एक जुना लॅपटॉप आहे आणि तो एचडीएमआय केबलने ४० इंची फुल एचडी टीव्हीला जोडलेला असतो. लॅपटॉपमध्ये इंटेल कोअर आय३-५००५यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, विंडोज १० आणि क्रोम ब्राउझर आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. इंटरनेट फायबरचे आहे आणि वेग मोजला तेव्हा तो २८ ते ३० एमबीपीएस भरला.

अडचण अशी आहे की यूट्यूबच्या नेहमीच्या लहान चौकटीत व्याख्यान अगदी व्यवस्थित चालते, पण फुल स्क्रीन केल्यावर दहा-पंधरा सेकंदांत चित्र अडखळू लागते. आवाज न तुटता चालू राहतो आणि चित्र मात्र मागे पडते. शिक्षकांचा हात फळ्यावर एका जागी थिजतो आणि मग एकदम तीन पायऱ्या पुढे दिसतो. गणिताच्या व्याख्यानात मधल्या पायऱ्याच दिसल्या नाहीत तर मुलांच्या हाती काय लागणार?

आतापर्यंत आम्ही कॅशे साफ केला, क्रोम काढून पुन्हा टाकला, राउटर बंद करून चालू केला. हार्डवेअर ॲक्सिलरेशन (व्हिडिओचे काम ग्राफिक्स भागाकडे सोपवणारी क्रोमची सोय) तर आधीपासूनच बंद आहे, कारण दोन-तीन महिन्यांपूर्वी फुल स्क्रीनमध्ये आडव्या पट्ट्या चमकत असत आणि त्यावर तोच उपाय आम्हाला सांगण्यात आला होता. त्याने पट्ट्या थांबल्या. गुणवत्ता ४८०पी वर ठेवली तर अडखळणे जवळजवळ थांबते, पण मागच्या बाकावरच्या मुलांना घातांक २ आहे की ३ हे वाचता येत नाही. त्यामुळे तो मार्ग आमच्या उपयोगाचा नाही. नवा लॅपटॉप घेण्याइतका निधी सध्या नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

दुरुस्तीवाला

नमस्कार. आपण सगळी माहिती एकाच वेळी दिली, त्यामुळे नेमके बोलता येईल.

पहिली गोष्ट अशी की फुल स्क्रीन करणे म्हणजे केवळ चित्र मोठे करणे नव्हे. यूट्यूबसारख्या ठिकाणी एकच व्हिडिओ अनेक आकारांत साठवलेला असतो आणि गुणवत्ता ‘ऑटो’वर असेल तर प्लेअर समोरच्या चौकटीचा आकार आणि इंटरनेटचा वेग पाहून त्यातला एक निवडतो. लहान चौकटीत आपल्याला बहुधा ३६०पी किंवा ४८०पी मिळत असणार. फुल एचडी टीव्हीवर पूर्ण पडदा केला की प्लेअर १०८०पी मागवतो. ३६०पी च्या एका फ्रेममध्ये (व्हिडिओतल्या एका स्थिर चित्रात) ६४० गुणिले ३६० म्हणजे २,३०,४०० बिंदू असतात आणि १०८०पी च्या फ्रेममध्ये २०,७३,६००, म्हणजे बरोबर नऊपट. आपल्याला वाटते की आपण फक्त चौकट मोठी केली. लॅपटॉपवर मात्र त्याच क्षणी नऊपट काम येऊन पडते.

म्हणून दोष फुल स्क्रीनचा आहे की गुणवत्तेचा, हे आधी वेगळे करावे लागेल. त्यासाठी दोन उलटसुलट चाचण्या करा. एकदा चौकट लहानच ठेवून गियरच्या चिन्हातून गुणवत्ता हाताने १०८०पी करा. दुसऱ्यांदा गुणवत्ता ४८०पी वर बांधून ठेवा आणि मग फुल स्क्रीन करा. लहान चौकटीतही १०८०पी अडखळले तर फुल स्क्रीन निर्दोष आहे. ४८०पी असूनही पूर्ण पडद्यावर चित्र सतत तुटले तर दोष चित्र पडद्यावर मांडण्याच्या टप्प्यात आहे आणि त्याचे उपाय निराळे आहेत.

चाचणी चालू असताना व्हिडिओवर उजवे क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा आणि चार आकडे टिपून ठेवा: एकूण फ्रेमपैकी किती गळाल्या, ‘बफर हेल्थ’ किती सेकंद आहे, जोडणीचा वेग किती दिसतो आणि ‘कोडेक्स’ (व्हिडिओ-आवाज दाबून साठवण्याच्या पद्धती) या ओळीत काय लिहिले आहे. प्रत्येक चाचणी बरोबर एक मिनिट चालवा, म्हणजे तुलना करता येईल. त्याच वेळी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ या भागात सीपीयू (मुख्य प्रोसेसर) किती टक्के दिसतो आणि जीपीयू (ग्राफिक्स भाग) याखालच्या ‘व्हिडिओ डिकोड’ या आलेखात काही हालचाल आहे का, तेही पाहा.

अभ्यासिका-सातारा

काल रात्री वर्ग सुटल्यावर आपण सांगितलेल्या दोन चाचण्या आणि शिवाय फुल स्क्रीनमधले १०८०पी, असे तिन्ही प्रकारे मोजले. व्याख्यान ३० फ्रेम प्रतिसेकंदाचे असल्यामुळे दर मिनिटाला सुमारे १८०० फ्रेम झाल्या.

लहान चौकटीत १०८०पी ठेवल्यावर ५४० फ्रेम गळाल्या. हे पाहून आम्हाला आश्चर्य वाटले, कारण लहान चौकट नीट चालते अशीच आमची समजूत होती. फुल स्क्रीनमध्ये ४८०पी ठेवल्यावर फक्त ११ फ्रेम गळाल्या. फुल स्क्रीनमध्ये १०८०पी ठेवल्यावर ७०० च्या वर गेल्या. ‘बफर हेल्थ’ तिन्ही वेळा ४० सेकंदांच्या आसपास होते. ‘कोडेक्स’च्या ओळीत व्हीपी०९ आणि ओपस असे शब्द होते. १०८०पी असताना सीपीयू ९८ ते १०० टक्के होता आणि ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख मात्र पूर्ण वेळ शून्यावर होता.

पडद्यामागे

या आकड्यांवरून निदान जवळजवळ पूर्ण होते, म्हणून सविस्तर लिहितो.

इंटरनेटला आधी बाजूला ठेवा. ‘बफर हेल्थ’ ४० सेकंद याचा अर्थ पुढच्या ४० सेकंदांचा व्हिडिओ लॅपटॉपमध्ये येऊन बसलेला आहे. यूट्यूबच्या मदत पानावर १०८०पी साठी ५ एमबीपीएस आणि ७२०पी साठी २.५ एमबीपीएस पुरेसे असल्याचे म्हटले आहे. आपल्याकडे त्याच्या पाच-सहापट वेग आहे. राउटर पुन्हापुन्हा चालू-बंद करण्यात आपला वेळ घालवू नका.

खरी अडचण आलेला व्हिडिओ उलगडण्याची, म्हणजे डिकोडिंगची आहे. व्हिडिओ दाबून लहान केलेल्या रूपात येतो आणि त्यातली प्रत्येक फ्रेम उलगडून मगच दाखवता येते. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमला सेकंदाचा तिसावा भाग मिळतो. तेवढ्यात ती तयार झाली नाही तर प्लेअर ती टाकून देतो आणि पुढची घेतो, कारण तो आवाजाच्या घड्याळावर चालतो. तुटका आवाज कानाला लगेच खटकतो, म्हणून आवाज सलग ठेवून चित्राला त्याच्या मागे पळवले जाते. आवाज नीट आणि हात थिजलेला, हे जे आपण पाहता, त्याचे कारण हेच आहे.

हे उलगडण्याचे काम दोन ठिकाणी होऊ शकते. प्रोसेसरच्या चिपवरच्या ग्राफिक्स भागात व्हिडिओसाठी खास बांधलेले मंडल असते. ते हे काम फार कमी विजेत आणि न दमता करते. ते मंडल वापरले गेले नाही तर सगळा भार सीपीयूवर येतो. आपण हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केले तेव्हा क्रोमला ते मंडल वापरायची मनाईच केली. ‘व्हिडिओ डिकोड’ शून्य आणि सीपीयू १०० टक्के, हे त्याचेच फळ आहे. आय३-५००५यू हा २०१५ सालचा, दोन कोअरचा आणि २ गिगाहर्ट्झपर्यंतच जाणारा प्रोसेसर आहे. १०८०पी चा भार त्याने एकट्याने ओढावा अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे.

येथे मला कळकळीने एक सांगायचे आहे. ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करा’ हा सल्ला व्हिडिओच्या प्रत्येक तक्रारीवर सरसकट दिला जातो. ती तपासणी म्हणून उत्तम आहे: बंद केल्यावर पट्ट्या थांबल्या म्हणजे दोष ग्राफिक्सच्या बाजूला आहे, एवढे त्यातून कळते. पण पुढे त्या दोषाचा शोध घ्यायचा असतो, आणि बहुतेक वेळा तो जुन्या किंवा चुकीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये (विंडोजला ग्राफिक्स भाग वापरता यावा म्हणून लागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सापडतो. तपासणीलाच उपचार मानून ते बटण कायमचे बंद ठेवले, की जुन्या लॅपटॉपचा सर्वांत उपयोगी भाग निकामी होऊन बसतो आणि धनी नवा लॅपटॉप शोधू लागतो.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रथम ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली काय लिहिले आहे ते पाहा. तेथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे नाव असेल तर खरा ड्रायव्हर बसवलेलाच नाही. ‘इंटेल एचडी ग्राफिक्स ५५००’ असे असेल तर त्याच्या गुणधर्मांत जाऊन ड्रायव्हरची तारीख वाचा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचा क्रमांक टाकून तेथून विंडोज १० साठीचा सर्वांत अलीकडचा ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ अशी जाहिरात करणारी परकी सॉफ्टवेअर कृपया वापरू नका. ड्रायव्हर बसवून लॅपटॉप पुन्हा सुरू झाला की मगच क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ या भागात जाऊन ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचे बटण चालू करा आणि क्रोम बंद करून पुन्हा उघडा.

काम झाले की नाही ते पाहण्यासाठी क्रोममध्येच एक पान आहे. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत क्रोम, त्यापुढे अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा आणि जीपीयू असे लिहा. उघडलेल्या यादीत ‘व्हिडिओ डिकोड’समोर ‘हार्डवेअर ॲक्सिलरेटेड’ असे शब्द हिरव्या रंगात दिसले पाहिजेत.

एवढ्याने अर्धे काम होईल. उरलेले अर्धे कोडेकचे आहे. आपल्याला यूट्यूब व्हीपी९ पाठवत आहे. गूगलने २०१३ मध्ये आणलेला हा कोडेक कमी डेटात चांगले चित्र देतो, पण इंटेलच्या चिपमध्ये त्याच्यासाठी पूर्ण मंडल सातव्या पिढीपासून आले. आपला प्रोसेसर पाचव्या पिढीचा आहे. २०१८ मध्ये आलेल्या एव्ही१ साठी तर इंटेलची अकरावी पिढी लागते. म्हणजे बटण चालू केले तरी व्हीपी९ चा बराच भार आपल्या सीपीयूवरच राहील. याउलट २००३ पासून वापरात असलेला एच.२६४ हा कोडेक आपली चिप सहज उलगडते. यूट्यूब १०८०पी पर्यंत एच.२६४ रूपही ठेवते, फक्त ते आपणहून देत नाही. ते मागून घेण्यासाठी ‘एन्हान्स्ड-एच२६४इफाय’ नावाचे एक्स्टेन्शन आहे, ते क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींसाठी मिळते. त्यात व्हीपी९ आणि एव्ही१ रोखण्याच्या दोन्ही पर्यायांवर खूण करून पान ताजे करा. ‘कोडेक्स’च्या ओळीत एव्हीसी१ असे आले की एच.२६४ सुरू झाले असे समजा. याने डेटा थोडा जास्त लागतो. फायबरवर त्याची फिकीर नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र लक्षात ठेवा.

निवृत्त-शिक्षक

वरच्या निदानाशी मी सहमत आहे. गावातली संध्याकाळ म्हणून दोन मुद्दे जोडतो, कारण मी स्वतः वर्ग घेताना त्यांत अडकलो होतो.

आपल्याकडे वीज जाते तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालत असेल, तर क्रोमचा ‘एनर्जी सेव्हर’ तपासा. तो सेटिंग्जमध्ये ‘परफॉर्मन्स’ या भागात असतो आणि बॅटरी २० टक्क्यांवर आली की, किंवा निवड तशी केलेली असेल तर चार्जर काढताक्षणीच, सुरू होतो. वीज वाचवण्यासाठी तो मागे उघडलेल्या पानांचे काम आणि व्हिडिओचा फ्रेम रेटही कमी करतो, असे क्रोमच स्पष्ट सांगतो. दिवसा नीट चालणारे व्याख्यान भारनियमनाच्या वेळी अडखळते याचे कारण माझ्याकडे तेवढेच निघाले.

दुसरा मुद्दा चार्जरचा. भेट मिळालेल्या लॅपटॉपसोबत मूळ चार्जर क्वचितच येतो. काही कंपन्यांचे लॅपटॉप बाजारातला चार्जर ओळखू शकले नाहीत, तर प्रोसेसरचा वेग मुद्दाम खूप खाली ठेवतात. माझ्या लॅपटॉपवर मी दोन आठवडे ब्राउझर बदलत राहिलो आणि शेवटी दोष चार्जरमध्ये सापडला. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या आलेखाखाली ‘स्पीड’ असे लिहिलेले असते. पूर्ण भार असताना तेथे २ गिगाहर्ट्झच्या जवळचा आकडा दिसला तर चार्जर ठीक आहे. तो ०.६ किंवा ०.८ वर अडकून बसला असेल, तर चार्जर किंवा पंख्यात साठलेली धूळ यांकडे पाहावे लागेल.

४ जीबी रॅममध्ये व्याख्यान सुरू करण्यापूर्वी बाकीचे टॅब बंद करणेही आवश्यक आहे.

पडद्यामागे

चार्जरचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, तो जरूर तपासा. टीव्हीबद्दलही एक सांगतो. लॅपटॉपचा पडदा १३६६ गुणिले ७६८ चा असेल आणि दोन्हीकडे तेच चित्र दिसावे अशी निवड असेल, तर विंडोजला दोन वेगळ्या आकारांच्या पडद्यांवर एकच चित्र मांडावे लागते आणि टीव्हीवर अक्षरे पुसट येतात. वर्गाच्या वेळी विंडोजच्या चिन्हाचे बटण आणि पी एकत्र दाबून ‘फक्त दुसरा पडदा’ हा पर्याय निवडा. आपल्या मुलांना घातांक वाचायचा आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

अभ्यासिका-सातारा

तीन दिवसांनी लिहितो आहे, कारण प्रत्येक बदल वेगळा करून मोजायचे ठरवले होते.

‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली इंटेलचेच नाव होते, पण ड्रायव्हरची तारीख २०१६ ची निघाली. कंपनीच्या संकेतस्थळावरून नंतरचा ड्रायव्हर घेऊन बसवला आणि भीत भीत हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू केले. पट्ट्या परत आल्या नाहीत; सलग दोन तास व्याख्याने चालवून पाहिली. एवढ्या बदलाने १०८०पी फुल स्क्रीनमध्ये गळणाऱ्या फ्रेम ७०० वरून २६० वर आल्या. मग एक्स्टेन्शन टाकले, ‘कोडेक्स’मध्ये एव्हीसी१ दिसू लागले आणि त्याच व्याख्यानाच्या त्याच मिनिटात ७ फ्रेम गळाल्या. सीपीयू ३५ ते ४० टक्क्यांवर राहिला आणि ‘व्हिडिओ डिकोड’च्या आलेखात प्रथमच रेघ वर उठलेली दिसली. चार्जर बाजारातलाच आहे, पण ‘स्पीड’ १.९५ च्या आसपास राहतो. एनर्जी सेव्हर मात्र चार्जर काढताच सुरू होईल असा ठेवलेला होता, तो बदलला. काल मागच्या बाकावरच्या मुलीने फळ्यावरचे सूत्र मोठ्याने वाचून दाखवले.

दोन लहान गोष्टी उरल्या आहेत. टीव्हीवर फुल स्क्रीन असताना कधी कधी खालची टास्कबार व्हिडिओवर तशीच राहते आणि नेमकी फळ्याची शेवटची ओळ झाकते. शिवाय एका शैक्षणिक संकेतस्थळावर यूट्यूबचेच व्हिडिओ पानात बसवलेले आहेत, पण तेथे फुल स्क्रीनचे बटण दाबताच येत नाही. तो दोषही आमच्या लॅपटॉपचाच आहे का?

दुरुस्तीवाला

नाही, दुसरा दोष आपला नाही. दुसऱ्याच्या पानात बसवलेला व्हिडिओ एका आतल्या चौकटीत चालतो आणि पूर्ण पडदा व्यापण्याची परवानगी त्या चौकटीला बाहेरच्या पानाने द्यावी लागते. पान बनवणाऱ्याने ती दिली नसेल तर ब्राउझर बटण चालू देत नाही, मग लॅपटॉप कितीही नवा असो. अशा वेळी व्हिडिओच्या वरच्या बाजूला दिसणाऱ्या शीर्षकावर क्लिक करा, म्हणजे तो यूट्यूबच्या स्वतःच्या पानावर उघडेल आणि तेथे इंग्रजी एफ हे अक्षर दाबले तरी फुल स्क्रीन होईल. एफ११ दाबून काम भागणार नाही, कारण त्याने ब्राउझरची चौकट पूर्ण होते आणि व्हिडिओ आहे तेवढाच राहतो. त्या संकेतस्थळाच्या चालकांना ‘एम्बेड केलेल्या चौकटीला अलाउफुलस्क्रीन ही परवानगी द्यावी’ एवढे एक वाक्य कळवा. त्यांच्यासाठी तो एका शब्दाचा बदल आहे.

टास्कबारसाठी टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधून त्यावर उजवे क्लिक करा आणि ‘रीस्टार्ट’ निवडा. पडदा क्षणभर रिकामा होईल, त्याला घाबरू नका. ब्राउझर आणि व्हिडिओ चालूच राहतात. बहुतेक वेळा एखादे ॲप लक्ष वेधू लागले की टास्कबार अशी वर राहते, म्हणून वर्गापूर्वी सूचना बंद ठेवणारा ‘फोकस असिस्ट’ लावून ठेवा.

अभ्यासिका-सातारा

एक्सप्लोरर रीस्टार्ट केल्यावर टास्कबार गेली. संकेतस्थळाच्या चालकांना आज दुपारी आपले वाक्य जसेच्या तसे लिहून पाठवले आहे आणि तोवर शीर्षकावर क्लिक करून व्याख्याने दाखवत आहोत. शेजारच्या गावातील अभ्यासिकेतही असाच भेट मिळालेला लॅपटॉप पडून आहे आणि तेथेही हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून ठेवल्याचे समजले. रविवारी तेथे जाऊन याच क्रमाने तपासणी करणार आहे; त्याचे आकडे येथेच नोंदवीन.